भिंगतात्यांचं गरम पाणी

"सूर्य आणि मी एकाच धंद्यात आहोत," भिंगतात्या म्हणाले. "त्याचा माल प्रकाश, माझाही माल प्रकाश. तो घाऊक, मी किरकोळ."

हे त्यांनी बायकोला ऐकवलं तेव्हा ती डाव्या हाताने गॅसवरचं पाण्याचं पातेलं उतरवत होती. तिचा उजवा खांदा आखडला होता. वेणी घालायलाही हात मागे जाईना. रोज सकाळी खांद्यावर चांगलं गरम पाणी सोडा, मग व्यायाम करा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि नेमका त्याच आठवड्यात गिझर फुटला होता.

"नवा गिझर आणू या ना," ती म्हणाली.

"गिझर काय, कोणीही आणतो. मी तुला सूर्याचं पाणी देतो."

"कधी?"

"पातेलं खाली ठेव आधी, सांडेल."

तात्यांचं बाजारात चष्म्यांचं दुकान होतं. उभा जन्म भिंगं घासण्यात गेला, म्हणून सगळे त्यांना भिंगतात्या म्हणत. काच, कोन आणि किरण या तीन गोष्टींत आपल्याला कोणी शिकवू नये असं त्यांचं मत होतं, आणि तसं शिकवायला कोणी येतही नसे.

घर दुमजली. खाली थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी. वर तात्या आणि त्यांची बायको. गच्ची दोघांची, गच्चीवरची पाण्याची टाकीही दोघांची. बोलणं मात्र बंद होतं. जिन्याखालच्या जागेत स्कूटर कोणी लावायची यावरून दोघा भावांचं जे बिनसलं ते बिनसलंच. तेव्हापासून दोन्ही स्कूटर बाहेर उन्हात करपत होत्या आणि जिन्याखाली एक मांजर राहत होतं. काही सांगायचं झालं तर "त्यांना सांग" म्हणून बायकांमार्फत निरोप जात. दोघी जावा त्यातलं निम्मं गाळून टाकत, म्हणून घर टिकलं होतं.

तात्यांनी गच्चीवर काम मांडलं. जुन्या खिडकीची काच, लाकडी खोकं, त्याच्या तळाशी काळा रंग दिलेला पत्रा, पत्र्यावर नागमोडी बसवलेली तांब्याची नळी. उन्हाने नळी तापणार, नळीतलं पाणी तापणार, तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या पिंपात चढणार, आणि पिंपाच्या तळातलं थंड पाणी त्याची जागा घ्यायला खाली उतरणार. पंप नको, वीज नको. पहिल्यांदा त्यांनी पिंप खोक्याच्या खाली ठेवलं. पाणी दिवसभर जागचं हललं नाही. संध्याकाळी बायकोने विचारलं, "हलकं पाणी वर चढतं म्हणालात ना? मग पिंप खाली कसं?"

"तेच बघत होतो, तुझ्या लक्षात येतंय का," तात्या म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंप उचलून विटांच्या चौथऱ्यावर ठेवलं. टाकीची एक वेगळी नळी त्यात सोडली, म्हणजे जितकं पाणी जाईल तितकं भरत राहील. पिंपाला दोन जुन्या गोधड्या आणि वर प्लास्टिकचा कागद गुंडाळला. लांबून बघणाऱ्याला वाटे, गच्चीवर कोणीतरी तापाने फणफणून बसलंय.

बाथरूममध्ये तर त्यांनी कमालच केली. आखडलेल्या खांद्याच्या माणसाने रोज दोन चाव्या फिरवत बसायचं म्हणजे छळ. म्हणून गरम आणि थंड पाण्याच्या दोन्ही चाव्या हव्या तितक्या उघडून कायमच्या तशाच ठेवल्या, आणि पुढे नळीला हातात धरायचा शॉवर लावला. शॉवरच्या दांड्यावर बटण. दाबलं की पाणी सुरू, सोडलं की बंद. चाव्यांवर बायकोच्याच नेलपॉलिशने खुणा केल्या.

"या चाव्यांना कोणी हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. "तुझ्या खांद्याचा नंबर काढून दिलाय. नंबर बदलला की त्रास होतो."

पहिल्या दिवशी दुपारी पिंपाच्या नळाखाली बोट धरून तात्यांनी चटका बसवून घेतला. बायकोने अंघोळ केली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बरं वाटलं." तात्यांना एवढं पुरलं. त्या रात्री ते झोपेतही मंद हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने बटण दाबलं आणि बाथरूममधून आवाज आला, "अहो, सूर्य उठला नाही वाटतं अजून."

पाणी कोमटसुद्धा नव्हतं. तात्यांनी गच्चीवर जाऊन पिंपाला हात लावला. गोधड्यांच्या आत पिंप गार. आदल्या दिवशी चटका बसत होता आणि सकाळी गार, म्हणजे ऊन कमी पडलं. ऊन कमी पडलं तर ते जास्त आणायला हवं.

त्यांनी खोक्याचा कोन बदलला. आधी सकाळच्या उन्हाकडे, मग दुपारच्या, मग मधलाच. तरी सकाळी गार. मग त्यांनी दुकानातले आरसे आणले. गिऱ्हाईक चष्मा लावून ज्यात बघतं ते, सगळेच्या सगळे. ते खोक्याभोवती असे लावले की चहूबाजूंचं ऊन उडी मारून काचेवर पडावं. दुकानात आता आरसा उरला नव्हता. गिऱ्हाईक विचारी, "कसा दिसतोय?" तात्या म्हणत, "छान दिसतोय." दोन दिवस सगळ्यांनाच सगळं छान दिसत होतं. तिसऱ्या दिवशी एक बाई नवऱ्याला आणि चष्म्याला बरोबर घेऊन परत आली.

आरशांतला एक कवडसा समोरच्या इमारतीवर सरकत सरकत दुपारी एका खिडकीत जाई. तिथे रात्रपाळी करून आलेला कंपाउंडर झोपलेला असे. तो डोळे चोळत दुकानात आला. तात्यांनी त्याला काळा गॉगल बिनपैशाने दिला आणि कूस बदलून झोपायचा सल्ला दिला. कंपाउंडर गॉगल लावून झोपू लागला. गरम पाण्याचं मात्र तसंच, संध्याकाळी चटका आणि सकाळी गारठा.

मग प्लंबर आला. त्याने पाइपावर पान्हा वाजवून कान लावला आणि म्हणाला, "हवा धरलीय."

"कुठे?"

"मधे."

त्याने दोन जागी जोड सैल केला, पुन्हा आवळला, चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गार पाणी. तो पुन्हा आला, पुन्हा कान लावून म्हणाला, "आता दुसरीकडे धरलीय."

तात्यांनी प्लंबरचा नाद सोडला आणि स्वतः विचार केला. चष्म्याचा नंबर चुकला तर माणूस भिंग बदलतो, डोळा नाही. इथे थंड पाणीच जास्त घुसत असणार. गच्चीवरच्या टाकीतून थंड पाण्याचा एक मोठा पाइप खाली उतरत होता. तो आधी तात्यांच्या बाथरूममध्ये यायचा आणि तिथून पुढे दादांकडे जायचा. त्या पाइपाला गच्चीवर एक कॉक होता. तात्यांनी तो अर्धा बंद केला. सकाळी पाणी जास्तच गार. त्यांनी कॉक आणखी पिळला, जेमतेम धार येईल एवढाच ठेवला. सकाळी पिंप असं गार की जणू विहिरीतून काढलंय.

बायको पुन्हा पातेलं उचलू लागली होती. तात्यांना त्यापेक्षा भांडण बरं वाटलं असतं. एकदा पातेलं उतरवताना तिच्या खांद्यात कळ आली, पाणी ओट्यावर सांडलं, आणि ती खाली मान घालून फडक्याने पुसत राहिली. तात्यांनी फडकं हातातून घेतलं.

"खाली विचारलंस का?" त्यांनी विचारलं. "आपण कॉक आवळलाय, त्यांना पाणी कमी येत असेल. तक्रार असेल त्यांची."

"विचारलं. वहिनी म्हणाल्या, उत्तम येतंय. इतकं छान पाणी कधी आलं नव्हतं म्हणे."

फडकं पिळता पिळता तात्या थांबले. कॉक तर जवळजवळ बंद. मग खाली उत्तम पाणी येतंय ते कुठून?

त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दादा पहाटे उठणारा माणूस. छापखाना चालवत होता तेव्हापासूनची सवय. सगळं घर झोपेत असताना तो एकटाच जागा. गच्ची दोघांची, जिना दोघांचा. म्हणजे दादा पहाटे वर येतो आणि बादल्या भरभरून गरम पाणी नेतो.

"काहीतरीच," बायको म्हणाली. "भावजींचे गुडघे बघितलेत का? बादली घेऊन जिना चढतील ते?"

"रागात माणूस डोंगर चढतो."

"राग तुम्हाला आहे. ते तर मांजराला दूध घालत असतात."

पण तात्यांना पुरावा हवा होता, आणि पुरावा कसा काढायचा हे त्यांच्या धंद्यानेच सुचवलं. गॉगलच्या प्लास्टिकच्या काचा दुकानात रंगवल्या जातात. गरम पाण्यात रंग घालायचा, काच बुडवायची, रंग चढतो. तपकिरी रंगाची बाटली शिल्लक होती. हाताला लागला तर तीन-चार दिवसांत जातो, बाकी काही होत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. संध्याकाळी त्यांनी पिंपाचं झाकण उघडलं आणि बाटली उपडी केली.

"उद्या सकाळी तू आपल्या बाथरूमचं पाणी वापरू नकोस," त्यांनी बायकोला सांगितलं. "चोर रंगेहाथ सापडणार आहे. अक्षरशः."

"अहो, सख्खा भाऊ आहे तो."

"सख्ख्यालाच रंग चांगला चढतो."

उजाडताच तात्या खाली फाटकाशी जाऊन उभे राहिले. दादांवर संशय पक्का होता, तरी बाकीच्यांनाही सुटका नको म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे हात ते निरखून बघू लागले. दूधवाल्याचे हात स्वच्छ. पेपरवाल्याच्या बोटांना काळी शाई, पण ती रोजचीच. कंपाउंडर रात्रपाळीहून येत होता. त्याला थांबवून तात्यांनी दोन्ही तळहात उलटेपालटे करून बघितले.

"आता हातांचाही नंबर काढता का?" कंपाउंडरने विचारलं आणि तो जांभई देत निघून गेला.

तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं.

"अरे, थंडीत उभा का?"

तात्यांनी वळून बघितलं. दादा होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी थेट बोलत होते, पण तात्यांचं लक्ष बोलण्याकडे नव्हतंच. कापसासारखे पांढरे केस असणारा त्यांचा भाऊ समोर तपकिरी केसांनी उभा होता. मिशीही तपकिरी. कानाच्या पाळ्यांवर थोडी छटा. एकंदरीत माणूस दहा वर्षांनी लहान दिसत होता.

चोर सापडला होता. तात्यांनी छाती भरून श्वास घेतला. रात्रभर जुळवलेली वाक्यं ओठांवर आली.

"तुझे आभार मानायचे होते," दादा म्हणाले.

"माझे?"

"वर सूर्याचं पाणी करतोयस ते ऐकलं होतं. म्हटलं, करू दे, आपल्याला काय. मग एक दिवस पहाटे नळ सोडला तर गरम पाणी. दुसऱ्या दिवशीही गरम. तू आम्हालाही जोडून दिलंस आणि बोलला नाहीस." दादांनी आपले दोन्ही पंजे पुढे करून मुठी वळल्या, उघडल्या. पंजे तपकिरी होते. "छापखान्यात टाइप जुळवून जुळवून बोटं आखडली होती. सकाळी सदऱ्याची बटणंही ही लावून द्यायची. आता माझी मी लावतो."

तात्या त्या बोटांकडे बघत राहिले.

"आज तर तू पाण्यात औषधही घातलंस वाटतं," दादा केसांवरून हात फिरवत म्हणाले. "आरशात बघितलं. वाईट नाही दिसत."

"छान दिसतोय," तात्या सवयीने म्हणाले.

"फक्त एक सांगू? संडासाच्या टाकीलाही गरम पाणी पाठवतोस ते नको. तिथे एवढी माया नको."

मागे दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या हातात पिळलेली चादर होती. पांढरी असावी. आता ती दोनदा उकळलेल्या चहासारखी दिसत होती.

"भावजी," त्या म्हणाल्या, "केसांना औषध घालायचं तर सांगून तरी घालायचं. पहाटेच सगळ्या चादरी भिजवल्या मी."

"नळालाच येतं ना पाणी?" तात्यांनी घसा साफ करत विचारलं. "म्हणजे, कुठल्या नळाला?"

"म्हणजे काय? थंड पाण्याचा एकच तर नळ आहे आमच्याकडे," दादा म्हणाले. "थंड पाइपातून गरम पाणी कसं आणलंस, तेच कळत नाही मला. डोकं आहे तुला."

तात्या दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले आणि सरळ बाथरूममध्ये शिरले. दोन्ही चाव्या नेलपॉलिशच्या खुणांवर उघड्या होत्या. त्यांनी थंड पाण्याच्या पाइपाला हात लावला. पाइपात थोडी ऊब होती. खाली वहिनींनी चादर धुवायला पुन्हा नळ सोडला असावा, कारण पिंपातलं उरलंसुरलं कोमट पाणी येऊन हाताखाली पाइप आणखी ऊबदार होत गेला. तात्यांनी गरम पाण्याची चावी बंद केली. थोड्याच वेळात पाइप गार.

आता डोळ्यांवरची झापडं उतरली. शॉवरचं बटण बंद असलं तरी त्याच्या मागे गरम आणि थंड हे दोन्ही पाइप दोन्ही उघड्या चाव्यांतून एकमेकांना मिळालेले होते. खाली दादा नळ सोडत, तेव्हा पाणी जिकडून मिळेल तिकडून ओढलं जाई. सुरुवातीला ते दोन्हीकडून येई, पुढे तर थंड पाण्याचा गच्चीवरचा कॉक तात्यांनी स्वतःच आवळला. मग पिंपातलं गरम पाणी या बाथरूममधून आडव्या वाटेने थंड पाइपात शिरे आणि खाली जाई. कॉक जितका आवळला, तितकं गरम पाणी जास्त खाली गेलं. बायकोच्या खांद्यासाठी त्यांनी जे जे केलं, त्याने दादांची बोटं बरी केली.

"सापडला का चोर?" बायकोने दारातून विचारलं.

"सापडला," तात्या म्हणाले. "चष्मा लावतो."

तिने पाइपाला हात लावून बघितला, चाव्या बघितल्या, तात्यांचं तोंड बघितलं आणि काय ते समजली. हसली मात्र नाही. पदर तोंडाशी धरून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून भांडी जरा जास्तच वाजली.

तात्यांनी पिंपातलं रंगीत पाणी सोडून दिलं, कॉक पूर्ण उघडला, आणि अंघोळ झाली की गरम पाण्याची चावी बंद करायचं काम स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबताच वाफाळलेलं पाणी आलं. बायको बराच वेळ खांद्यावर धार धरून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तिने हात हळूहळू मागे नेला. वेणीपर्यंत नाही, पण मानेपर्यंत पोचला.

तात्यांनी तो बघितला. खूप आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खालून दादांचा आवाज ऐकू आला, "अगं, बटणं लावून दे जरा," आणि तो आनंद निम्म्यावर आला.

दुपारी वहिनी वर आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "चादरींचं बोलले ते मनावर घेतलंत का? ते म्हणतात, तुझ्या बोलण्याने पाणी बंद झालं. सकाळपासून माझ्याशी धड बोलत नाहीयेत."

"तसं काही नाही वहिनी. दुरुस्ती चाललीय," तात्या म्हणाले.

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "खरं सांगून टाका आता. दुसरं खोकं करा, दुसरी नळी टाका, ते नंतर. आधी सांगा. नाहीतर ते वहिनींना बोल लावत बसतील."

"काय सांगू? मी तुला चोर समजलो, म्हणून तुला रंगवलं?"

"रंगाचं राहू दे. खूश आहेत ते रंगावर. पाण्याचं सांगा."

तात्या जिना उतरले. दादा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. वहिनींनी चहा आणला. दोघा भावांनी तो घेतला. कप खाली ठेवायची वेळ आली तेव्हा तात्या म्हणाले, "दादा, ते पाणी मी मुद्दाम दिलं नव्हतं. माझ्या हातून जोडणी चुकली होती, म्हणून तुझ्याकडे येत होतं. उद्यापासून तुझ्यासाठी वेगळं खोकं करायला घेतो. वेगळी नळी टाकतो. पण आधीचं पाणी, ते चुकून आलं."

दादांनी मिशीवरून हात फिरवला. ती अजून तपकिरीच होती.

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग आभार कशाला मानलेस?"

"तू काही खाली यायचा नाहीस आणि मी काही वर यायचा नाही. निमित्त चालून आलं होतं, घेतलं." दादांनी कपातला शेवटचा घोट घेतला. "वाया कशाला घालवायचं?"

तात्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांच्याच्याने राहवेना.

"पण चुकून आलंय हे तुला कळलं कसं?"

"अरे," दादा म्हणाले, "तू मुद्दाम पाठवलं असतंस, तर ते माझ्यापर्यंत पोचलं असतं का?"